शब्दशंका : ‘मूट’ मुद्दा वादाचा की निकालात निघालेला?

प्रश्न : ब्रिटिश लेखांत ‘मूट पॉइंट’ म्हणजे वादाचा मुद्दा, असा अर्थ नीट बसतो. अमेरिकी निकालपत्राच्या भाषांतरात तोच वापरला की वाक्य उलटं होतं. शब्दकोश दोन्ही अर्थ देतो. कोणता कधी घ्यायचा?
– एक भाषांतरकार, सांगली

उत्तर : दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि दोघांना फाटा फुटला तो वकिलीच्या शिक्षणातून.

१०६६ साली नॉर्मन इंग्लंडमध्ये आले, त्याच्या आधीपासून ‘मोट’ किंवा ‘गेमोट’ म्हणजे सभा. राजाच्या जाणत्या सल्लागारांची ती ‘विटेनागेमोट’. अशा सभांत तंटेही ऐकले जात. सफोकमधल्या ऑल्डबरो गावात सोळाव्या शतकातला ‘मूट हॉल’ आजही उभा आहे.

पुढे हा शब्द लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या चार संस्थांत, ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपलमध्ये रुळला. शिकाऊ वकिलांपुढे कल्पित खटला ठेवून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करून घ्यायचे; तो सराव म्हणजे मूट. आपल्या विधी महाविद्यालयांतली अभिरूप न्यायालय स्पर्धा याच परंपरेतली. खटल्यात दोन्हीकडून बोलायला जागा असे, म्हणून ‘मूट’ हे विशेषण झालं : वाद घालण्याजोगा. पण पक्षकार कल्पित आणि निकाल कुणालाच लागू नाही, हीही त्याच सरावाची बाजू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ही बाजू वर आली आणि अर्थ झाला : ज्याच्या निकालाने आता काही फरक पडत नाही तो.

१९७४ चा डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड हा खटला बघा. वॉशिंग्टन विद्यापीठाने कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारलेला विद्यार्थी खालच्या न्यायालयाच्या आदेशाने शिकू लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभं राहीपर्यंत तो शेवटच्या सत्रात पोचला होता. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी खटला ‘मूट’ ठरवला आणि मूळ प्रश्नाला हात लावला नाही. इथे ‘वादग्रस्त’ लिहिलंत तर निकालाचा अर्थच गेला. आपल्याकडचे वकील अशा याचिकेला ‘इन्फ्रक्च्युअस’ म्हणतात. मराठीत ‘निष्फळ’ चालेल.

भाषांतर करताना आधी मजकूर कुठला ते पाहा. मग शेजारचं क्रियापद : ‘बिकम’ किंवा ‘रेंडर्ड’ असेल तर अर्थ जवळजवळ नेहमी अमेरिकी, कारण मुद्दा आधी जिवंत होता आणि मधल्या घटनेने तो संपला, असं तिथे सांगायचं असतं. ती घटना आधीच्या चार-सहा ओळींत सापडते : मुदत संपली, कायदा बदलला, पैसे मिळाले. अशी घटना नसेल आणि पुढे दोन बाजूंची चर्चा असेल, तर ‘वादाचा’ लिहा. नुसतं ‘इज मूट’ असेल तर लेखकाला विचारलेलं बरं. करारात तर हा शब्द नसावाच, असं माझं मत.

प्रश्न : इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘सेंटर मूट्स…’ असं असतं. त्याचा याच्याशी संबंध?

उत्तर : तेच क्रियापद. चर्चेला ठेवणे, म्हणून सुचवणे. मराठीत ‘केंद्राचा प्रस्ताव’ म्हणा. निर्णय झाला असं लिहू नका, तो झालेला नसतो. अमेरिकी वकील मात्र हेच क्रियापद ‘निरर्थक ठरवणे’ या अर्थाने वापरतात.

प्रश्न : उच्चार ‘म्यूट’ की ‘मूट’?

उत्तर : मूट. ‘म्यूट’ म्हणजे मुका, तो लॅटिनमधून आलेला वेगळाच शब्द. समाजमाध्यमांवरची मुलं एकमेकांना ‘मूट्स’ म्हणतात ते ‘म्युच्युअल’चं लघुरूप, त्याचं या सभेशी काही नातं नाही.