फुटपाथवरून निवारा केंद्रात गेलेल्या कुटुंबाला भाड्याच्या खोलीत जायला मदत कशी करावी?

तुमच्या बिल्डिंगसमोर राहणारं चौघांचं कुटुंब आता निवारा केंद्रात आहे आणि त्यांना खोली मिळवून द्यायचीय, असं तुम्ही लिहिलंय. मी सहा वर्षं दादर-परळ भागात अशा कुटुंबांबरोबर फिरतेय, तर जे बघितलंय ते सांगते.

स्वस्त खोली शोधायच्या आधी त्यांचं काम कुठे आहे ते विचारा. मी इथेच चुकले होते. एक ताई दादरच्या फुलमार्केटमधून पहाटे फुलं उचलायची, गजरे करून विकायची, नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते बिगारी काम करायचा. भाडं कमी म्हणून आम्ही त्यांना नालासोपाऱ्याला खोली करून दिली, आणि दोन महिन्यांत ती पोरांना घेऊन परत त्याच फुटपाथवर, कारण पहाटे मार्केटला पोचणं जमेना, नवऱ्याचा नाका सुटला, भाडं थकलं. लोक म्हणाले, यांना रस्त्यावरच राहायला आवडतं. मला अजून त्या वाक्याचा राग येतो. नंतर अँटॉप हिलला खोली मिळाली, नालासोपाऱ्यापेक्षा लहान आणि भाडं दीड हजार जास्त, पण चार वर्षं झाली, तिथेच आहेत.

दुसरी अडचण डिपॉझिटची. महिन्याचं भाडं ते कसंबसं काढतात हो, पण एकदम पंधरा-वीस हजार आणि वर एजंटचे पैसे कुठून आणणार? तुम्ही मदत करणार असाल तर इथेच करा, पण पावती त्या कुटुंबातल्या ताईच्या नावाने घ्या, तुमच्या नावाने नको, म्हणजे खोली सोडताना ते पैसे तिला परत मिळतील. डिपॉझिटमधले थोडे पैसे तरी तिने स्वतः साठवलेले असू देत. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी 1986 मध्ये महिला मिलन ही स्वतःची संघटना उभी केली ती रोजच्या रुपया-दोन रुपयांच्या बचतीवरच, आणि त्यातल्या कित्येकजणींना पुढे मानखुर्दच्या मिलन नगरात स्वतःची घरं मिळाली. वर्षं खूप लागली, पण मिळाली.

करार लेखी आणि रजिस्टर करून मागा. मालक टाळाटाळ करतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाचीच आहे, आणि तसा करार नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगितलं की बऱ्याचदा काम होतं.

कागदपत्रं मात्र निवाऱ्यात असतानाच करून घ्या, बाहेर पडल्यावर राहून जातात. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर आधार काढता येतं, मग बँकेचं खातं. मतदार यादीसाठी बेघरांना पत्त्याचा पुरावा लागत नाही, बीएलओने, म्हणजे त्या भागातली मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री येऊन, एकापेक्षा जास्त रात्री, माणूस तिथेच झोपतो हे बघायचं असतं. मुलांच्या शाळेला तर थांबूच नका, आरटीईमुळे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आणि सगळे एकत्र राहतायत ना, ते बघून या. बायकांच्या निवाऱ्यात मोठ्या मुलाला घेत नाहीत, मग बाप आणि पोरगा बाहेर झोपतात, आई रात्रभर जागी. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा सांगितला होता, म्हणजे 2011 च्या जनगणनेच्या हिशोबाने एकट्या मुंबईत सव्वाशेच्या आसपास हवेत, आणि कुटुंबाला एकत्र ठेवणारी जागा शोधताना आमचे पाय दुखतात.

खोली मिळाल्यावर पहिले सहा महिने दर आठवड्याला जाऊन या. पाण्याला पिंप आहे का, शेगडी आहे का, कोणी आजारी पडून रोज बुडाला का. एका तापात भाडं थकतं, आणि तेव्हा मालकाशी बोलायला कोणीतरी सोबत लागतं.

त्या कुटुंबातले नवरा-बायको कुठल्या भागात काम करतात ते कळवा, वडाळा-अँटॉप हिलकडे असेल तर खोली बघायला मी येते तुमच्याबरोबर.