वाचकांचे प्रश्न : डिस्क रिकामी, तरी फाइल उतरत नाही

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण संगणकावरून बाह्य हार्ड डिस्कवर घेताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. डिस्क तर जवळजवळ रिकामी आहे. ती बिघडली असेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बिघाडाची शक्यता कमी आहे. डिस्क बहुधा ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, आणि त्या पद्धतीत कितीही जागा मोकळी असली तरी ४ जीबीहून मोठी फाइल ठेवता येत नाही. विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘फाइल सिस्टिम’पुढे हे नाव दिसेल. तसे असल्यास विंडोज व मॅक दोन्हींवर चालणाऱ्या ‘एक्सफॅट’मध्ये डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी, मात्र त्यात डिस्कवरचे सारे काही पुसले जात असल्याने, तिच्यावर असलेल्या फाइली आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात.

फाइल ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावी, नंतर ती मधून आणि शेवटी चालवून पाहावी, आणि ‘इजेक्ट’ केल्याखेरीज वायर काढू नये. जागा करण्यासाठी संगणकावरील मूळ फाइल पुसण्याचा विचार असेल (पुष्कळजण नेमके हेच करतात), तर मग डिस्कवरील प्रत हा बॅकअप (जादा राखीव प्रत) राहत नाही, ती एकमेव प्रत ठरते; त्याआधी दुसरी डिस्क घेऊन तिच्यावरही प्रत ठेवावी.