वाचकांचे प्रश्न : हळदीचा एनएमआर

प्रश्न : सांगलीच्या हळदीतून कर्क्युमिन (हळदीचं पिवळं रंगद्रव्य) काढून ड्युटेरेटेड (जड हायड्रोजनच्या) क्लोरोफॉर्ममध्ये एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या हायड्रोजनचे संकेत टिपणारी चाचणी) करून घेतला. रेषा पसरट आल्या, शिवाय 2.17 आणि 1.56 पीपीएमला (आलेखाच्या आडव्या पट्टीवरचं माप) जादा शिखरं आहेत. दोष यंत्राचा की नमुन्याचा?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जादा शिखरांचं आधी उरकू. 2.17 हे अॅसिटोन, 1.56 हे पाणी. धुतलेली नळी कोरडी दिसली तरी काचेला अॅसिटोन धरून राहतं. नळी आडवी ठेवून व्हॅक्यूममध्ये सुकवा. उभी करून फार तापवली तर ती किंचित वाकते आणि कामातून जाते.

रेषांचं मात्र बारकाईने बघावं लागेल. 7.26 चं क्लोरोफॉर्मचं शिखर मोठं करून पाहा. तेही जाड असेल तर शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) कमी पडलंय, द्रावणात कण तरंगतायत किंवा द्रावण कमी भरलंय. 5 मिमीच्या नळीत 0.6 मिली घाला, उंची 4 ते 4.5 सेंमी येते. प्रोटॉनच्या (म्हणजे हायड्रोजनच्या) एनएमआरसाठी 5 ते 10 मिग्रॅ नमुना भरपूर झाला. ड्रॉपरमध्ये कापसाचा छोटा बोळा घालून गाळूनच नळीत सोडा.

7.26 टोकदार आणि फक्त तुमचीच शिखरं पसरट असतील, तर आमचा पहिला संशय लोखंडावर. कर्क्युमिन मधल्या दोन ऑक्सिजनांनी लोह पकडून ठेवतं. फेरिक लोह पॅरामॅग्नेटिक (एकटे इलेक्ट्रॉन असलेलं, चुंबकाकडे ओढलं जाणारं) असल्याने आसपासच्या प्रोटॉनांच्या रेषा रुंदावतात. गंजलेला चमचा किंवा चक्कीतला कीससुद्धा त्याला पुरतो. इथिल अॅसिटेटमधलं द्रावण विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग पाण्याने धुवा, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा आणि इथेनॉलमधून स्फटिक काढा. क्रोमिक आम्लाने नळ्या धुण्याची पद्धत असेल तर ती आजच बंद करा, काचेवर राहिलेलं क्रोमियमही हाच घोळ घालतं.

नमुना चांगला असेल तर 3.95 ला सहा प्रोटॉनांचं मेथॉक्सी (OCH₃ गट), 5.8 ला एका प्रोटॉनाचं सिंगलेट (एकेरी शिखर), 6.5 आणि 7.6 ला 16 हर्ट्झचे डबलेट (तेवढ्या अंतरावरची जोडशिखरं) मिळतात. मेथॉक्सी सहापेक्षा कमी भरलं तर हळदीतले डिमेथॉक्सी (मेथॉक्सी कमी असलेले) भाऊबंद सोबत आलेत, कॉलम (घटक वेगळे करण्याची क्रिया) पुन्हा करा. इनॉलचा (मधल्या ऑक्सिजनवरच्या OH चा) प्रोटॉन 16 च्या आसपास असतो. आलेखाची खिडकी नेमकी तिथेच संपत असेल तर तो दिसणार नाही, म्हणून ऑपरेटरला 18 पर्यंत वाढवायला सांगा.

प्रश्न : 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना विद्यापीठातला एनएमआर दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी?
– शिक्षक, सातारा

उत्तर : पेसमेकर असलेल्या कुणालाही 5 गॉसच्या रेषेच्या (यंत्राभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची सुरक्षिततेची हद्द) आत नेऊ नका, हे सर्वांत महत्त्वाचं. किल्ल्या, घड्याळं, एटीएम कार्डं, कंपासपेट्या बाहेरच ठेवा. 400 मेगाहर्ट्झच्या यंत्रात 9.4 टेस्ला क्षेत्र असतं आणि वीज गेली तरी ते जात नाही, कारण द्रव हेलियममध्ये −269 अंशांना ठेवलेल्या अतिवाहक वेटोळ्यात प्रवाह फिरतच राहतो. आत एका वेळी मोजकीच मुलं सोडा. हेलियम अचानक उकळून बाहेर पडलं तर खोलीतला ऑक्सिजन कमी होतो. तेव्हा दार उघडून सगळ्यांनी लगेच बाहेर पडायचं, हे आत जाण्याआधीच मुलांना सांगा.