वाचकांचे प्रश्न : जोम बियांत नाही, जोडीत आहे

प्रश्न : संकरित मक्याच्या शेतातली सर्वांत जाड कणसे निवडून बियाण्यासाठी ठेवली. पुढच्या हंगामात झाडे लहानमोठी झाली, तुरे मागेपुढे आले, उत्पादनही घटले. निवडीत काय चुकले?

उत्तर : निवड चुकली नाही, त्या शेतात निवडण्याजोगे काही नव्हतेच. दोन शुद्ध वाणांच्या एकेरी संकरात सगळी झाडे जनुकांनी सारखीच असतात. एक कणीस जाड आणि शेजारचे बारीक, हा फरक जागेचा, पाण्याचा, खताचा. तो बियांत उतरत नाही.

आता घट का आली ते पाहू. आईबाप वाणांत जिथे जिथे जनुके वेगळी आहेत, तिथे संकरित झाडात मिश्र जोडी असते. एकीकडचे दुबळे जनुक दुसरीकडच्या सबळ जनुकामागे झाकले जाते. जोमाचे मोठे कारण हेच. पुढच्या पिढीत मिश्र जोड्या निम्म्याच उरतात आणि झाकलेले दोष उघडे पडतात. समजा, आईबाप वाणांची सरासरी हेक्टरी ३० क्विंटल आहे आणि संकराचे उत्पादन ९०. संकराने दिलेली वाढ ६० क्विंटल; तिच्यातले निम्मे म्हणजे ३० गेले, उरले ६०. चार शुद्ध वाणांपासून केलेल्या दुहेरी संकरात वाढीचा पाव भागच जातो, म्हणजे याच आकड्यांत ७५ उरतात.

मक्यात परागीकरण मोकळे होत असल्यामुळे ही घसरण मुख्यतः एकदाच होते. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेवढीच पडझड होईल, ही भीती अनाठायी आहे.

प्रश्न : नर (पराग देणारा) आणि मादी (बी देणारा) वाण हाती असतील, तर तेच संकरित बी आपल्याला तयार करता येईल का?

उत्तर : येईल, पण दोन आठवडे रोज शेतात जायची तयारी हवी. दुसऱ्या मक्यापासून किमान २०० मीटर अंतर ठेवा. ते जमत नसेल तर फुलोऱ्यात तीन आठवड्यांचे अंतर पडेल अशी पेरणी करा. मादीच्या ४ ओळी आणि नराच्या २, अशी मांडणी चालते. नराची पेरणी ४-५ दिवसांच्या फरकाने दोन हप्त्यांत केली, तर मादीचे केस बाहेर पडतात तेव्हा पराग हमखास मिळतो. पराग काही तासच जगतो; केस मात्र आठवडाभर तरी वाट पाहतात.

खरी कसोटी तुरे उपटण्याची. मादीचा तुरा पोंग्यातून बाहेर आला, पण पराग सांडू लागला नाही, तेवढ्यात तो खालून धरून सरळ वर ओढा. तुरा मध्येच मोडला तर आत राहिलेल्या फांद्या पराग सांडतात आणि मादीचे बी मादीच्याच परागाने भरते. असे बी पेरले की संकरित पिकात मधूनमधून खुरटी झाडे दिसतात. घाईत तुऱ्याबरोबर पानेही ओढली जातात. तेवढे दाणे कमी भरतात. मागे राहिलेली खुजी झाडे आणि फुटवे यांचे तुरे हटकून नजरेतून सुटतात, म्हणून शेवटच्या फेऱ्या टाळू नका. परागीकरण संपताच नराच्या ओळी कापून टाका, म्हणजे कणसे मिसळायचा प्रश्नच राहत नाही.

प्रश्न : नरवंध्य, म्हणजे मुळात परागच न देणारी मादी वापरली तर हे सगळे कष्ट वाचत नाहीत का?

उत्तर : वाचतात. मात्र तीन वाण सांभाळावे लागतात : नरवंध्य मादी, तिचे बी टिकवणारा तिचाच सुपीक जोडीदार आणि संकरात पुन्हा पराग तयार करून देणारा नर. ज्वारी, बाजरी आणि भात यांत फूल इतके बारीक, की मोठ्या प्रमाणावर हाताने संकर करणे परवडतच नाही.

धोका एकसारखेपणाचा आहे. अमेरिकेत १९७० पर्यंत बहुतेक संकरित मक्यात टेक्सास नावाचे एकच वंध्य कोशद्रव्य (पेशीतला, आईकडून आलेला आणि परागाला वंध्य करणारा भाग) शिरले होते. पानांवरच्या करप्याच्या एका प्रकाराचे विष नेमके त्याच कोशद्रव्याच्या झाडांना बाधले आणि त्या वर्षी देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. त्यानंतर मजूर पुन्हा तुरे उपटू लागले.

प्रश्न : टोमॅटोचा हाताने संकर केला. फळे धरली, पण निम्मी रोपे आईसारखीच निघाली.

उत्तर : कळी उशिरा उघडली गेली, तोवर तिच्यावर तिचाच पराग पडला होता. पाकळ्या फिकट पिवळ्या होऊन जेमतेम विलगू लागल्या आहेत, अशी उद्या उमलणारी कळी घ्या. चिमट्याने पुंकेसरांचा शंकू काढा. मधली नाजूक नळी दुखावली तर फळ धरत नाही. पुंकेसर गडद पिवळे दिसले तर ती कळी सोडून द्या. दर कळीनंतर चिमटा स्पिरिटमध्ये बुडवा. दुसऱ्या दिवशी पराग लावा आणि खूण म्हणून देठाजवळची दोन हिरवी दले कापा. दोरा गळून पडतो, ही खूण फळ पिकेपर्यंत राहते. कडक उन्हाळ्यात पराग निकामी होतो, तेव्हा तो हंगाम टाळा.

एक युक्ती फार उपयोगी आहे. मादी म्हणून बटाट्यासारख्या पानाचा वाण घ्या आणि नर साध्या, कातरलेल्या पानाचा. बटाटा-पान हा गुण अप्रभावी असल्याने खरी संकरित रोपे साध्या पानाची येतात. रोपवाटिकेत बटाटा-पानाची जी दिसतील ती आईच्याच परागाची, उपटून टाका.

प्रश्न : संकरित टोमॅटोपासून स्थिर वाण काढता येतो का?

उत्तर : येतो. दुसऱ्या पिढीत (संकरित झाडे ही पहिली) शंभर-दोनशे तरी झाडे लावा, कारण गुण तिथेच विखुरतात. प्रत्येक निवडलेल्या झाडाचे बी वेगळे ठेवा. एकत्र केले की कोणते गुण कुठून आले ते कळत नाही. मिश्र जोड्या दुसऱ्या पिढीत ५० टक्के, चौथीत १२.५ आणि सातवीत सुमारे १.५ टक्के उरतात. पहिल्या दोन-तीन पिढ्यांत फळाचा आकार आणि रोगप्रतिकार पाहा. उत्पादनाची तुलना पाचवीनंतर करा, त्याआधीचा जोम फसवा असतो.