खिडकी सगळ्यांची, रोपं तुझी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

यंदा वसंतात भाजी लावायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. बियाण्याची यादीही भरघोस आहे. पण रोपांचे ट्रे घरात ठेवणार कुठे आणि त्यांना पाणी कोण घालणार, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. भरल्या घरात बागेची सुरुवात याच दोन प्रश्नांपासून होते.

टोमॅटोचं बी बाहेर लावण्याच्या 6 ते 8 आठवडे आधी पेरायचं, मिरचीचं 8 ते 10 आठवडे आधी. म्हणजे जवळजवळ दोन महिने घरातली सगळ्यांत उजेडाची खिडकी तू अडवणार. तिथे कुणी अभ्यासाला बसत असेल, कुणी कपडे वाळत घालत असेल. म्हणून पेरायच्या आधी त्यांना विचार, आणि ‘थोडेच दिवस’ असं मोघम न बोलता तारखा सांग. खिडकी मिळत नसेल तर कपाटातल्या एका फळीखाली पांढरा एलईडी दिवा लाव. तो रोपांच्या शेंड्यापासून 5 ते 10 सेंटिमीटर वर हवा आणि दिवसाला 14 ते 16 तास चालू हवा. त्या खोलीत कुणी झोपत असेल तर टायमर लावून रात्री तो बंद राहील असं बघ. उजेड कमी पडला की रोप काडीसारखं लांबतं आणि कलतं. तेव्हा खत घालून काही उपयोग नसतो.

ट्रेमध्ये बागेतली माती भरू नकोस. ती आवळून बसते आणि सोबत बुरशी आणते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत घे, टोमॅटोचं बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल टाक. उगवेपर्यंत त्याला उजेडाची गरज नसते, ऊब लागते. 21 ते 27 अंशांत ते साधारण आठवड्याभरात वर येतं. तोवर ट्रे कुठल्याही उबदार कोपऱ्यात चालेल. मात्र देठाची वाकडी कमान मातीतून डोकावली की त्याच दिवशी ट्रे उजेडात ने.

आता पाण्याचं. सगळ्यांत जास्त रोपं इथेच जातात, आणि तीही मायेपोटी. सकाळी तू पाणी घालणार, दुपारी आणखी कुणी ‘बिचारी सुकली असतील’ म्हणून घालणार, संध्याकाळी तिसरं कुणी. मग मातीलगतचा देठ भिजल्यासारखा दिसतो, तपकिरी पडतो, दोऱ्याइतका बारीक होतो आणि रोप रातोरात आडवं होतं. याला रोपं कोलमडणं म्हणतात, ते बुरशीमुळे होतं. कोलमडलेलं रोप वाचत नाही. दाट पेरणी, कोंदट हवा आणि सततची ओल मिळाली की ही बुरशी फोफावते. थोड्या मोठ्या रोपाचं दुखणं वेगळं दिसतं. माती ओली असूनही पानं मलूल होतात, कारण मुळांना हवा मिळत नाही. बघणाऱ्याला ते तहानलेलं वाटतं आणि तो आणखी पाणी घालतो. म्हणून पाणी एकाच माणसाने घालायचं. ट्रेवर तशी चिठ्ठी चिकटव. ट्रे उचलून बघायची सवय कर, हलका लागला तरच पाणी. पसरट ताटलीत पाणी घेऊन त्यात ट्रे अर्धा तास ठेव आणि उरलेलं पाणी ओतून टाक.

बाहेर लावायची वेळ आली तरी रोपं एकदम थेट उन्हात नेऊ नकोस, पानांवर पांढरे चट्टे पडतात. पहिल्या दिवशी सावलीत तास-दोन तास, मग रोज थोडं वाढवत 7 ते 10 दिवसांत दिवसभर. तू बाहेर असताना ट्रे आत कोण घेणार, हे आधीच ठरलेलं हवं.

वाफा 1.2 मीटरपेक्षा रुंद करू नकोस. दोन्ही बाजूंनी हात पोचला की माती तुडवली जात नाही. जाण्यायेण्याला निदान 45 सेंटिमीटर वाट सोड, अंगण इतरांचंही आहे. माती वाफशावर, म्हणजे बेताच्या ओलीवर, आल्याशिवाय खणू नकोस. मूठभर दाबून सोड, गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर खणायला हरकत नाही, लगदा राहिला तर थांब. ओली माती खणलीस तर वाळल्यावर ढेकळं विटेसारखी होतात. मातीचं तापमान 7 अंशांवर गेलं की वाटाणा, पालक, मुळा थेट पेरता येतो. घेवड्याला 16 तरी हवं, काकडीला 18 हून जास्त. टोमॅटो लावायला रात्रीची पाला करपवणारी थंडी सरू दे.

मुळा एकदम सगळा पेरू नकोस. तो 25 ते 30 दिवसांत तयार होतो आणि ठेवला तर जून, पोकळ होतो. दर 10 दिवसांनी हातभर ओळ पुरे. घरात लहान मूल असेल तर ती ओळ त्याला दे, त्याची वाट बघायची तयारी साधारण तेवढीच असते. पण गुलाबी किंवा निळसर रंग लावलेलं बियाणं त्याच्या हाती देऊ नकोस, त्यावर बुरशीनाशक असतं. ते स्वयंपाकघरातही ठेवू नकोस. टोमॅटोचा पाला मांजर-कुत्र्यांच्या पोटात जाऊ देऊ नकोस, तो त्यांना बाधतो.

मातीचे हात आणि कुंड्या बाहेर बादलीत धू. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये माती गेली की नळी तुंबते, आणि त्यानंतर खिडकी मागणं अवघड जातं.

उद्या ती खिडकी मोज. किती ट्रे बसतात ते कळव, मग यादीतलं काय गाळायचं ते ठरवू.

सप्रेम