कानात लपणारं यंत्र घ्यावं का?

प्रश्न : वडिलांना (वय ७४) कमी ऐकू येतं. कानामागचं यंत्र चारचौघांत दिसतं म्हणून त्यांना नको आहे. पूर्ण आत बसणारं घ्यावं का?

उत्तर : आधी त्यांची बोटं बघा, मग कान! आतल्या यंत्रात बहुधा १० नंबरची, पिवळ्या खुणेची बॅटरी असते. व्यास जेमतेम ६ मिलिमीटर. हात थरथरत असतील तर दर आठवड्याला ती बदलणं म्हणजे वैताग. तीव्र बहिरेपणाला ही यंत्रं अपुरीही पडतात. कानामागचं दमदार, हाताळायला सोपं. माझा कल मात्र आरआयसीकडे (अर्थात ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, पाहूनच): यंत्र कानामागे, पण इवलंसं, बारीक तारेनं जोडलेला स्पीकर कानात. चष्म्याच्या काडीआड सहसा कुणाला दिसतही नाही. स्पीकरवरची मळ अडवणारी जाळी तेवढी अधूनमधून बदलायची.