मुलीला थॅलेसेमिया मेजर (शरीरात रक्त नीट तयार न होण्याचा आजार) आहे, रक्त चढवायची तारीख जवळ आली की माझी झोपच उडते, सगळ्यांवर चिडते. आई म्हणून मी कमी पडतेय का?

नाही, अजिबात कमी पडत नाही आहात, हा ताण या आजारात बऱ्याच पालकांना येतो. मी अशा पालकांचं समुपदेशन करते त्यावरून सांगतेय. साधारण दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त, वर शरीरात साठणारं लोह काढायची औषधं, म्हणजे ताण एकदा येऊन संपत नाही, तारीख आली की परत उभा राहतो. त्यात आजार आईबाबा दोघांच्या जीन्समधून येतो म्हणून मनात अपराधीपणा बसतो, पण कॅरिअर म्हणजे ज्याच्यात तो सदोष जीन आहे पण आजार नाही, अशा माणसाला बहुतेक वेळा काही त्रासच नसतो, मग आधी कळणार कसं, यात दोष कुणाचाच नाही हो. हॉस्पिटलच्या फेऱ्या घरात वाटून घ्या आणि तिथे येणाऱ्या दुसऱ्या पालकांशी बोला, याचा खरंच खूप आधार होतो. पण झोप नाही, सारखं रडू येतंय, कशातच मन लागत नाही असं 2 आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल तर त्याला नुसता ताण समजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर आजच्या आज.